वापरलेली सुपरकार घेताना: चालवून बघणं सगळ्यात शेवटी

गाडी बघायला जायचं ठरलं की आदल्या दिवशी विकणाऱ्याला फोन करून एकच विनंती करा: "मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका." आणि तिथे पोहोचल्यावर नमस्कार-चमत्कार झाले की सगळ्यात आधी इंजिनाच्या झाकणावर तळहात ठेवा.

एकदा मित्रासोबत एक पिवळी, मागे इंजिन असलेली दोन सीटची गाडी बघायला गेलो होतो. सकाळचे साडेआठ झाले होते. गाडी रात्रभर शेडमध्येच होती, असं मालकाचं म्हणणं. झाकणावर हात ठेवला तर ते कोमट लागलं. "धुवायला बाहेर काढली होती," म्हणाले. असेलही. आम्ही त्या दिवशी फक्त कागद बघितले आणि तीन दिवसांनी पुन्हा गेलो, तेव्हा गाडी खरोखर थंड होती. स्टार्टर मारल्याबरोबर इंजिनाच्या डाव्या बाजूच्या हेडमधून, म्हणजे वरच्या भागातून, खडखड सुरू झाली, आठ-दहा सेकंद टिकली आणि ऑइलचा दाब चढला तशी विरून गेली. गरम इंजिनात ती ऐकूच आली नसती. मित्राने गाडी सोडली. पहिल्याच दिवशी त्याने ती चालवली असती, तर मात्र सोडली असती असं मला वाटत नाही.

म्हणूनच पहिल्यांदा सुपरकार घेणाऱ्याला मी एक क्रम सांगतो: आधी पैशाचा हिशेब, मग मॉडेलचा अभ्यास, मग कागद, मग थंड उभी गाडी, मग लिफ्टवर चढवलेली गाडी, मग स्कॅनर (गाडीच्या संगणकातल्या नोंदी वाचणारं यंत्र) आणि सगळ्यात शेवटी चालवणं. आठ हजार आरपीएमला पाठीमागे ओरडणारं इंजिन एकदा ऐकलं की मन आतून "हो" म्हणून मोकळं होतं. त्यानंतर दिसणाऱ्या प्रत्येक दोषाला सबब आपणच शोधू लागतो.

पैशाचा हिशेब

गाडीची किंमत वयाबरोबर उतरते. तिच्या पार्टची उतरत नाही, बहुतेकदा चढतच जाते. पंधरा वर्षांची सुपरकार शोरूमच्या मूळ किमतीच्या लहानशा हिश्श्यात मिळते, पण तिचा क्लच, हेडलाइट, ब्रेक डिस्क हे सगळं ज्याला ती नवी असताना परवडली त्या माणसाच्या हिशेबानेच विकलं जातं. पहिल्यांदा घेणारे इथेच फसतात. गाडी आवाक्यात येते, ती सांभाळणं येत नाही.

मी सांगतो ते गणित सोपं आहे. काढून ठेवलेल्या रकमेचे पाच भाग करा. चार भागांत गाडी घ्या, पाचव्याला हात लावू नका. टायर, बॅटरी, सगळी ऑइलं, आधीच्या मालकाने पुढे ढकललेली मोठी सर्व्हिस, यांत पहिल्या वर्षीच तो भाग लागतो. चार भागांत हवी ती गाडी बसत नसेल, तर खालचं मॉडेल बघा किंवा वर्षभर थांबा.

विम्याचा दरही आधीच काढा. शक्य असेल तिथे गाडीची किंमत आधी ठरवून घेतलेला विमा घ्या, म्हणजे दुर्दैवाने अपघात झाला तर जुनी गाडी म्हणून मोल कापलं जाणार नाही. आणि टेप घेऊन स्वतःची पार्किंगची जागा मोजा. लॅम्बोर्गिनी अव्हेंटाडोर आरसे न धरताही 2 मीटरहून रुंद आहे. दाराची रुंदी, शेजारच्या गाडीपासूनचं अंतर आणि आत शिरतानाचा चढ हे सगळं बघा, नाहीतर पुढची ओठासारखी पट्टी रोज घासेल.

एक काम तर गाडी शोधण्याच्याही आधीचं: ते मॉडेल खरोखर जाणणारा मेकॅनिक शोधून ठेवा. तो सापडत नसेल तर ते मॉडेल तुमच्यासाठी नाही.

कोणत्या गाडीचं कोणतं दुखणं

बिनदोषाची सुपरकार नसते. ज्याची दुखणी सगळ्यांना ठाऊक आहेत आणि ज्यांवर इलाज आहे, असं मॉडेल निवडायचं.

फेरारीचं उदाहरण घ्या. 1994 ते 1999 या काळात बनलेल्या एफ355 मध्ये टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा मेळ ठेवणारा पट्टा) बदलायचा तर अख्खं इंजिन खाली उतरवावं लागतं. बेल्ट रबराचा, त्यामुळे गाडी एक किलोमीटरही चालली नाही तरी तो म्हातारा होतो. तीन ते पाच वर्षांनी बदलायलाच हवा, कारण तो तुटला तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आपटतात. याच गाडीत एक्झॉस्ट मॅनिफोल्डला (इंजिनातला धूर गोळा करणाऱ्या नळ्यांना) तडे जाणं आणि व्हॉल्व्ह गाइड (व्हॉल्व्ह ज्यात सरकतो ती नळी) झिजणंही नेहमीचं. पुढच्या 360 मोडेनातही बेल्टच आहे, पण तो सीटमागच्या झाकणातून, इंजिन न उतरवता बदलता येतो. 2004 मध्ये आलेल्या एफ430 मध्ये बेल्टच्या जागी चेन आली आणि हा खर्च गेला. तिच्या मूळ मॅनिफोल्डला तडे जातात, ते मात्र बघावं लागतं. 2009 च्या 458 इटालियात सात गिअरचा ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लचचा आपोआप बदलणारा गिअरबॉक्स, आला. चाकाच्या कमानीतल्या आच्छादनाला वापरलेला गोंद तापून आगी लागल्यामुळे 2010 मध्ये तोवर बनलेल्या सगळ्या 458 कंपनीने परत बोलावल्या होत्या. सुरुवातीची गाडी असेल तर ते काम झाल्याचा कागद मागा.

पोर्शे 911 च्या 996 आणि सुरुवातीच्या 997 या पिढ्यांमध्ये, म्हणजे साधारण 2008 पर्यंतच्या साध्या कॅरेरांमध्ये, इंटरमीडिएट शाफ्टचं (इंजिनाच्या आतल्या एका जोड-दांड्याचं) बेअरिंग हा कमकुवत दुवा आहे. ते फुटलं तर इंजिन संपलं. सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर ओरखडे पडण्याचा त्रासही याच इंजिनांना. त्याच काळातल्या टर्बो आणि जीटी3 या 911 च्याच वेगवान प्रकारांत वेगळं, मेट्झगर या नावाने ओळखलं जाणारं इंजिन आहे, त्याला हे बेअरिंगचं दुखणं नाही. 2009 च्या मॉडेलपासून तो शाफ्टच राहिला नाही. एकाच नावाच्या, दिसायला सारख्या दोन गाड्यांत इतका फरक असतो, म्हणून "911 कशी असते?" हा प्रश्न अपुरा. वर्ष आणि इंजिन दोन्ही सांगावं लागतं. 2014 मध्ये जीटी3 च्या इंजिनांत कनेक्टिंग रॉडचे (पिस्टनला जोडलेल्या दांड्याचे) बोल्ट सैल होऊन गाड्यांना आगी लागल्या, तेव्हा पोर्शेने 785 गाड्यांची इंजिनं बदलून दिली. अशा गाडीत इंजिन नंबर मूळचा नसणं हा दोष नाही, उलट ते काम झाल्याचीच खूण आहे. इतिहास ठाऊक असला की असे अर्थ लागतात.

लॅम्बोर्गिनी गॅलार्डो 2003 ते 2013 पर्यंत बनली, 14,022 गाड्या. संख्या मोठी असल्यामुळे पार्ट आणि जाणकार दोन्ही मिळतात. पुढे ऑडी आर8 मध्येही याच दहा सिलिंडरच्या व्ही10 इंजिनाचं घराणं आलं, आणि रोजच्या वापराला आर8 सोपी. तिच्या मॅग्नेटिक शॉकअबमधून तेल गळतं, तेवढं वाकून बघा. मॅक्लारेनच्या 12सी मध्ये साधा अँटी-रोल बार (वळणावर गाडी कलू न देणारा दांडा) नाहीच. चारही शॉकअब तेलाच्या नळ्यांनी जोडलेले असतात आणि दाब धरून ठेवणारे अॅक्युम्युलेटर काही वर्षांनी दम तोडतात. होंडा एनएसएक्स ही 1990 ते 2005 ची अॅल्युमिनियमची गाडी शांत स्वभावाची आहे. तिच्या पहिल्या वर्षांतल्या मॅन्युअल गिअरबॉक्समधली एक स्नॅप रिंग (पार्ट जागेवर धरणारं कडं) तुटते, त्यामुळे गिअरबॉक्सचा नंबर त्या टप्प्यातला आहे का ते ताडून घ्यायचं.

2000 च्या दशकातल्या गाड्यांबद्दल एक गोष्ट नवख्यांना कोणी सांगत नाही. फेरारीचा एफ-1, लॅम्बोर्गिनीचा ई-गिअर, ऑडीचा आर-ट्रॉनिक हे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स नाहीत. क्लचचं पेडल नसतं, पण आत साधी क्लच प्लेटच असते. पाय दाबायचा त्याऐवजी हायड्रॉलिक पंप दाबतो, एवढाच फरक. गर्दीत मुंगीच्या पावलांनी सरकत राहणारा किंवा चढावर रिव्हर्स घेणारा मालक ती प्लेट बघता बघता जाळतो. जपून वापरणाऱ्याकडे तीच प्लेट कितीतरी पट जास्त टिकते. क्लच किती उरला आहे, हे अशा बऱ्याच गाड्यांत स्कॅनरवर टक्क्यांत वाचता येतं. तो आकडा न बघता किंमत ठरवू नका.

कागद

सर्व्हिस बुकातल्या शिक्क्यांवर थांबू नका, बिलं मागा. शिक्का एका सेकंदात बसतो. बिलावर मात्र तारीख, किलोमीटर, बदललेल्या पार्टची नावं आणि नंबर असतात. सगळी बिलं टेबलावर पसरा आणि तारखेप्रमाणे लावा. मग एका कागदावर दोन रकाने करा, तारीख आणि किलोमीटर. पंधरा मिनिटांचं काम आहे. किलोमीटर कुठे मागे गेले, कुठे दोन-तीन वर्षं काहीच झालं नाही, कुठे एकच तक्रार तीन वेगवेगळ्या गॅरेजमध्ये फिरली, हे सगळं त्या दोन रकान्यांत दिसतं. मधे रिकामी वर्षं असली म्हणजे गाडी वाईट असं नाही, पण त्या वर्षांत ती कुठे, कशी उभी होती हे मालकाला सांगता आलं पाहिजे.

चेसिस नंबर तीन ठिकाणी वाचा: विंडस्क्रीनच्या खाली, दाराच्या खांबावर आणि प्रत्यक्ष चेसिसवर कोरलेला. तिन्ही एकमेकांशी आणि नोंदणीच्या कागदाशी जुळले पाहिजेत. 17 अक्षर-अंकांच्या या नंबरात इंग्रजीतली आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात, कारण ती 1 आणि 0 सारखी दिसतात. दिसली तर तिथेच थांबा. त्याच नंबरावरून गाडीवर कर्जाचा बोजा आहे का, विमा कंपनीने ती कधी भंगारात काढली होती का, आणि परत बोलावण्याची कामं राहिली आहेत का, हे काढून घ्या.

किल्ल्या किती आहेत विचारा. 1990 च्या दशकाच्या शेवटच्या आणि त्यानंतरच्या काही फेरारींसोबत दोन काळ्या किल्ल्या आणि एक लाल मास्टर किल्ली यायची. लाल किल्ली हरवली असेल तर पुढे नवी किल्ली जोडताना खर्च आणि मनस्ताप दोन्ही होतात. हत्यारांची पेटी, चार्जर, कव्हर, पुस्तिकांचं पाकीट हेही मोजा. त्यांची किंमत तर आहेच, पण ज्याने पुस्तिकेचं चामडी पाकीट जपलं, त्याने ऑइलही वेळेवर बदललं असेल, असा माझा अनुभव आहे.

आता कमी चाललेल्या गाडीबद्दल. बारा वर्षांत चार हजार किलोमीटर चाललेली गाडी पाहून नवखा हरखतो. मी सावध होतो. उभ्या गाडीत सील सुकतात, पेट्रोल खराब होऊन इंजेक्टरमध्ये चिकट थर साचतो, टायर एका जागी चपटे होतात, ब्रेक कॅलिपरचे पिस्टन अडकतात. दर वर्षी दोन-तीन हजार किलोमीटर चाललेली आणि दर वर्षी ऑइल बदललेली गाडी मला केव्हाही जास्त आवडते. पार्किंगमधलं चित्र जपायचं असेल तर गोष्ट वेगळी. चालवायची असेल तर चाललेली गाडी घ्या.

थंड गाडीभोवती एक तास

दिवसाउजेडी जा, पाऊस नसताना जा. ओल्या रंगावर ओरखडे दिसत नाहीत.

पुढच्या कोपऱ्यात गुडघ्यावर बसा आणि एका डोळ्याने गाडीच्या कुशीतून मागेपर्यंत नजर टाका. परावर्तन कुठे हलतं, कुठे लाट उठते ते बघा. मग पॅनेलमधल्या फटी बघा, डावीकडची आणि उजवीकडची. हाताने बनलेल्या जुन्या गाड्यांत फटी मुळातच थोड्या कमी-जास्त असतात, पण एका बाजूला करंगळी जाते आणि दुसऱ्या बाजूला नख जात नाही, इतका फरक असेल तर त्यामागे अपघात असतो. बॉनेट आणि दारांच्या बिजागरींचे बोल्ट बघा. पान्याने रंग उडाला असेल तर ते पॅनेल कधीतरी निघालेलं आहे.

रंगाची जाडी मोजायचं यंत्र सोबत न्या. कारखान्यातला रंग साधारण 100 ते 180 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास असतो. 300 च्या वर गेला तर पुन्हा रंग मारलाय, आणि आणखी वर गेला तर खाली पुट्टी आहे. यंत्र घेताना ते अॅल्युमिनियमवर चालतं ना, हे पाहा. कार्बन फायबर आणि प्लास्टिकच्या पॅनेलवर साधं यंत्र काहीच दाखवत नाही, त्यासाठी ध्वनिलहरींचं वेगळं यंत्र लागतं किंवा अनुभवी डोळा. पुढचा बंपर पुन्हा रंगवलेला असणं मी दोष मानत नाही. इतक्या खाली बसलेल्या गाडीवर खडी उडतेच. छप्पर, दाराचे खांब किंवा मागची कमान रंगवलेली असेल तर मात्र कारण समजेपर्यंत पुढे जाऊ नका.

टायरच्या कडेला चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक असलेला दहा वर्षांचा टायर हा या गाड्यांतला सगळ्यात मोठा धोका आहे. रबर दगडासारखं कडक होतं आणि ओल्या रस्त्यावर पकड राहत नाही. सहा वर्षांच्या वरचे टायर असतील तर नवा संच हिशेबात धरा. चारही टायर एकाच कंपनीचे आणि एकाच वयाचे नसतील, तर मालकाने आणखी कुठे हात आखडता घेतला ते शोधा.

ब्रेक कार्बन-सिरॅमिकचे असतील तर नीट वेळ द्या. त्यांची झीज जाडीवर कळत नाही. तापून तापून डिस्कमधला कार्बन जळतो आणि डिस्क हलकी होते. म्हणून अनेक डिस्कच्या मधल्या धातूच्या भागावर किमान वजन कोरलेलं असतं, आणि खात्री करायची तर डिस्क उतरवून काट्यावर ठेवावी लागते. उभ्या गाडीत निदान एवढं करा: चाकाच्या आऱ्यांतून टॉर्च मारून डिस्कची कड चारी बाजूंनी बघा. चाक काढताना रिम आपटून कड उडालेली असेल, तर ती डिस्क गेलीच समजा. चार डिस्कचा खर्च ऐकून भल्याभल्यांची झोप उडते.

आत बसल्यावर किलोमीटरचा मीटर आणि झीज यांचा मेळ लावा. ड्रायव्हर सीटची बाहेरची कड, स्टीअरिंगचा चामडा, पेडलचं रबर यांवर चढ-उताराचा हिशेब लिहिलेला असतो. मीटर दहा हजार दाखवतो आणि सीटची कड भुगा झालेली असेल, तर दोघांपैकी एक खोटं बोलतंय. 1990 आणि 2000 च्या दशकांतल्या इटालियन गाड्यांची बटणं हाताला चिकटतात, त्यांचा मऊ लेप वितळतो. दिसायला वाईट, पण दुरुस्त होतं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाडीच्या पट्ट्यावर गढूळ रेघ राहते, आणि सीटखालच्या रुळांवर गंज.

लिफ्टवर

ही तपासणी विकणाऱ्याच्या गॅरेजमध्ये नको. ज्याला तुम्ही पैसे देणार असा, त्या मॉडेलचा जाणकार आणि विकणाऱ्याशी संबंध नसलेला माणूस हवा. गाडी दुसऱ्या ठिकाणी न्यायला मालक तयार नसेल तर मी तिथूनच परततो, मग गाडी कितीही देखणी असो.

शक्य असेल तर स्वतः हजर राहा. खालची सपाट आच्छादनं काढली की गाडीचं खरं वय दिसतं. त्या आच्छादनांचे निम्मे स्क्रू गायब असतील, तर याआधी काम करणारा घाईत होता. गळती आणि ओलसरपणा यांत फरक करा. जुन्या इंजिनाच्या सांध्याला तेलाची झाक असते, टपकणारा थेंब वेगळा. सस्पेन्शनच्या सांध्यांतल्या बुश आणि बॉल जॉइंटची रबरं चिरली आहेत का, ड्राइव्हशाफ्टची टोपणं फाटून ग्रीस उडालंय का, कूलंटच्या नळ्या फुगल्या आहेत का, हे बघून घ्या.

सांगाड्याला सगळ्यात जास्त वेळ द्या. 360 मोडेनापासून फेरारीने पूर्ण अॅल्युमिनियमचा सांगाडा आणला. असा सांगाडा साध्या डेंटिंगवाल्याच्या हातोडीने सरळ होत नाही, त्याला खास जिग (सांगाडा धरून ठेवणारा साचा) आणि खास जोडणी लागते. वेल्डिंगचा नवा टाका, वेगळ्या रंगाचं सीलंट, एका जागी पडलेल्या सुरकुत्या शोधा. मॅक्लारेनसारख्या गाडीत बसायची जागाच कार्बन फायबरच्या एकसंध टबची असते. त्यावर जॅक चुकीच्या जागी लावल्याच्या खुणा, पापुद्रे सुटलेली कड किंवा तडा दिसला तर कंपनीच्या माणसाकडून लेखी मत घेतल्याशिवाय पुढचं पाऊल नाही.

ट्रॅकवर पळवलेली गाडी लपत नाही. मागच्या कमानीत वितळलेल्या रबराच्या गोळ्या, टायरच्या खांद्यावर फाटल्यासारखी झीज, उष्णतेने रंग बदललेले कॅलिपर आणि सीटमागे हार्नेसच्या (रेसिंगच्या सीटबेल्टच्या) बोल्टांची भोकं. ट्रॅकवर गेलेली गाडी घेऊच नये असं नाही. तशी देखभाल केलेली बिलं असली आणि मालकाने स्वतःहून सांगितलं असलं तर चालेल.

स्कॅनर आणि इंजिनाची तपासणी

इंजिनाचा संगणक मीटरपेक्षा प्रामाणिक असतो. अनेक गाड्यांच्या ईसीयूत, म्हणजे या संगणकात, इंजिन किती तास चाललं याची नोंद असते. किलोमीटरला तासांनी भागा. 18,000 किलोमीटर आणि 1,100 तास असतील, तर सरासरी वेग निघतो ताशी 16 किलोमीटर. इतका कमी वेग म्हणजे गाडी एकतर कायम गर्दीत तापत उभी होती, नाहीतर मीटर मागे फिरवलेला आहे. गिअरबॉक्स आणि एबीएसच्या संगणकातही कधी कधी किलोमीटर साठवलेले असतात, तेही ताडून बघा.

मॅन्युअल पोर्शेत आणखी एक नोंद मिळते: इंजिन मर्यादेपलीकडे किती वेळा फिरलं. 997 मध्ये तिचे सहा टप्पे असतात. खालचे टप्पे भरलेले असणं साहजिक आहे, स्पोर्ट्स कार पळणारच. वरचे टप्पे भरतात ते पाचव्यातून चौथ्याऐवजी चुकून दुसरा गिअर पडला तर. तेव्हा चाकंच इंजिनाला गरागरा फिरवतात आणि लिमिटर (इंजिनाचा वेग रोखणारी यंत्रणा) काही करू शकत नाही. ते किती इंजिन-तासांपूर्वी घडलं हेही लिहिलेलं असतं. शेकडो तासांपूर्वी घडलं आणि गाडी त्यानंतर सुरळीत चालली असेल, तर मी फार घाबरत नाही.

फॉल्ट कोड एकही नाही, याने लगेच खूश होऊ नका. प्रदूषण-यंत्रणेच्या स्वयंतपासण्या पूर्ण झाल्या आहेत का ते विचारा. त्या अपूर्ण दिसत असतील, तर कोड नुकतेच पुसलेले असू शकतात, किंवा बॅटरी काढलेली असू शकते. कारण विचारा, पन्नास-शंभर किलोमीटर चालवून पुन्हा स्कॅन करा.

त्यानंतर कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये बनणारा दाब) आणि लीक-डाउन या तपासण्या. लीक-डाउनमध्ये प्रत्येक सिलिंडरमध्ये दाबाची हवा सोडून किती टक्के निसटते ते मोजतात. 10 टक्क्यांच्या आत उत्तम. माझं लक्ष मात्र आकड्यापेक्षा फरकावर असतं: नऊ सिलिंडर 6-7 टक्क्यांवर आणि दहावा 22 वर असेल, तर हवा कुठून येते ते ऐका. एक्झॉस्टमधून आली तर व्हॉल्व्ह, ऑइलच्या तोंडातून आली तर पिस्टन रिंग. या तपासणीला वेळ आणि पैसे लागतात, आणि तिच्यावर केलेली काटकसर मला कधीच पटलेली नाही.

आता चालवा

थंड स्टार्टच्या वेळी एकजण मागे उभा राहू द्या. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, थंड हवेतली पांढरी वाफ विरून जाते, पण इंजिन तापल्यावरही येणारा गोडसर वासाचा पांढरा धूर म्हणजे कूलंट. किल्ली फिरवल्यावर, स्टार्टर मारण्याआधी, डॅशबोर्डवरचे इशाऱ्याचे सगळे दिवे लागले पाहिजेत आणि नंतर विझले पाहिजेत. एखादा दिवा लागतच नसेल तर तो कोणीतरी मुद्दाम बंद केलेला असू शकतो.

ऑइल तापेपर्यंत तीन हजारांच्या वर जाऊ नका, आणि मालक स्वतः चालवत असेल तर तो हे पाळतो का ते बघा. थंड इंजिन खेचणारा मालक समोर असेल, तर त्याची बिलं पुन्हा एकदा वाचा. जुन्या ओपन-गेट फेरारीत (जिथे गिअरचा दांडा धातूच्या उघड्या खाचांतून सरकतो) थंड असताना दुसरा गिअर अडतो, तो तिचा स्वभाव आहे. गरम झाल्यावरही अडला तर सिंक्रो (गिअर सहज बसवणारी कडी) गेलाय. एफ-1 किंवा ई-गिअरमध्ये गाडी उठताना थरथरते का, क्लच जळल्याचा वास येतो का, उभ्या गाडीत पंप सारखा सारखा चालू होतो का, हे ऐका. खराब रस्त्यावर रेडिओ बंद करून हळू चालवा आणि बुशचा ठोका शोधा. मग मोकळ्या, सुरक्षित जागी जोरात ब्रेक दाबा. स्टीअरिंग थरथरलं नाही पाहिजे, गाडी ओढली नाही पाहिजे.

परत आल्यावर इंजिन बंद करा, दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा सुरू करा. गरम गाडीचा स्टार्टर कुरकुरत असेल किंवा इंजिन मिसिंग मारत असेल, तर ते याच वेळी कळतं. नाक उचलणारी यंत्रणा, एसी, काचा, छप्पर उघडणारी गाडी असेल तर छप्पर, सगळं दोन-दोन वेळा चालवा. ड्राय-संप (ऑइल वेगळ्या टाकीत ठेवणाऱ्या) इंजिनाचं ऑइल बहुतेक वेळा गरम असताना, इंजिन चालू ठेवून मोजतात. पुस्तिकेत पद्धत वाचून त्याच वेळी मोजून घ्या.

व्यवहार आणि पहिला आठवडा

तपासणीतला प्रत्येक दोष आणि त्याचा खर्च लिहून यादी मालकासमोर ठेवा. शांतपणे, गाडीला नावं न ठेवता. ज्याने ती जपली त्याला ते लागतं, आणि चांगला मालक पुढेही फोन उचलतो. बदललेले मूळ पार्ट, म्हणजे कंपनीचा सायलेन्सर, मूळ चाकं, हे सौद्यात लिहून घ्या. पैसे देण्याआधी बोजा उतरल्याचा कागद हातात हवा, आणि विमा त्याच तासापासून सुरू हवा.

गाडी घरी आली की लगेच लांबच्या सहलीला निघू नका. इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शिअल, ब्रेक, कूलंट, सगळं नवं भरून घ्या आणि जुन्या ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत पाठवा. त्यात किती आणि कोणता धातू आहे हे कळलं की पुढच्या सर्व्हिसला तुलना करता येते. टायरमधली हवा थंड असताना मोजा. बॅटरीला चार्जर जोडा. आणि बिलांच्या फाइलमध्ये तारीख आणि किलोमीटर घालून तुमच्या हातची पहिली ओळ लिहा.